‘मिठो छ?’ : न्यूयॉर्कमधील एका नेपाळी खानावळीत

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमा आटोपून आम्ही उभयता लेकीकडे न्यूयॉर्कला गेलो, तेव्हा माझ्या हातातल्या पिशवीत पासपोर्टांच्या जोडीला एक वही होती. तिच्या डाव्या पानावर ह्यांचा रक्तदाब व साखर आणि उजव्या पानावर वजन, अशी नोंद मी फेब्रुवारीपासून ठेवीत आले होते. डाव्या पानावरचे आकडे पाहून मला समाधान वाटे. उजव्या पानावरचे आकडे मात्र महिन्यागणिक उतरत होते. फेब्रुवारीत ६३ किलो, एप्रिलमध्ये ६१, ऑगस्टमध्ये ५७. ‘म्हातारपणी माणूस वाळतोच,’ अशी मी स्वतःची समजूत घालीत असे.

फेब्रुवारीत रक्तदाब वाढल्यामुळे ह्यांना चार दिवस रुग्णालयात राहावे लागले होते. घरी सोडताना डॉक्टरांनी मीठ, गोड आणि तळलेले कमी करा, असे सांगितले. मी ते ऐकले आणि माझ्या भीतीने त्याच्या चौपट पाळले. लोणचे, पापड गेले. ओले खोबरे गेले. आमटीतले मीठ निम्मे झाले, मग निम्म्याचे चिमूटभर झाले. भाताची मूद वाटीवरून मुठीवर आली. ह्यांचे बालपण वेंगुर्ल्याजवळ गेलेले. कोकम, खोबरे आणि मासळी ह्यांवाचून जेवण ही कल्पना त्यांना ठाऊक नव्हती. तरी त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. चार घास घेत, ‘झाले जेवण’ म्हणत आणि उठत. तक्रार करणाऱ्या माणसाची काळजी घेणे त्या मानाने सोपे असते. न बोलणाऱ्याच्या ताटाकडे आपले लक्षच जात नाही.

न्यूयॉर्कला पोहोचल्यावर ह्यांच्या मौनात आणखी भर पडली. हे चौतीस वर्षे कोल्हापुरातील एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्तीनंतरही सकाळचे वर्तमानपत्र हातात पेन्सिल घेऊन वाचायचे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांना गोल करायचे, हा त्यांचा नेम. लेकीच्या घरी मराठी वर्तमानपत्र येत नव्हते आणि फोनवरची बारीक अक्षरे त्यांना दिसत नव्हती. दिवसभर ते खिडकीशी बसून राहत. लेक, जावई कामावर गेल्यावर घरात उमटणारा आवाज म्हणजे एवढाच, की मी काही विचारावे आणि त्यांनी मान हलवावी.

रूळ डोक्यावरून जाणारा रस्ता

लेकीचे घर क्वीन्स या विभागात, जॅक्सन हाइट्स नावाच्या वस्तीत आहे. विटांच्या जुन्या, बुटक्या इमारती आणि त्यांच्या पोटात दडलेल्या बागा हे या वस्तीचे वैशिष्ट्य. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत ही वस्ती उभी राहिली. जवळच ३४वा ॲव्हेन्यू आहे. त्याचा सुमारे दोन किलोमीटरचा, २६ चौकांचा पट्टा २०२० सालच्या साथीत वाहनांना दिवसभर बंद ठेवण्यास सुरुवात झाली आणि पुढेही ती प्रथा चालू राहिली. काठी घेऊन चालणारी वृद्ध माणसे, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया आणि सायकल शिकणारी मुले एकाच रस्त्याने निर्धास्त जाताना तेथे दिसतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला परदेशात सर्वांत मोठे सुख कोणते, असे मला कुणी विचारले, तर सपाट आणि निर्भय रस्ता, असेच मी सांगेन.

त्या रस्त्यावरून दक्षिणेकडे वळले, की पाच-दहा मिनिटांत जग बदलते. रूझवेल्ट ॲव्हेन्यूवर लोखंडी खांबांवरून सात क्रमांकाची आगगाडी धडधडत जाते. तिच्या खालच्या स्थानकात आणखी चार मार्गांच्या गाड्या येतात आणि वृद्धांसाठी तेथे उद्वाहनाची सोय आहे. शेजारचा ७४वा रस्ता साड्यांच्या, दागिन्यांच्या आणि किराण्याच्या भारतीय दुकानांनी गजबजलेला. अंतराळवीर कल्पना चावला हिचे नाव या रस्त्याला दिलेले आहे. त्याला लागून एक छोटा चौक वाहनांना कायमचा बंद करून माणसांना बसण्यासाठी मोकळा ठेवला आहे. ‘डायव्हर्सिटी प्लाझा’ असे त्याचे नाव. संध्याकाळी तेथे बंगाली, तिबेटी, पंजाबी आणि नेपाळी अशा चार भाषा एकाच बाकावर ऐकू येतात.

नेपाळी माणसे या भागात मोठ्या संख्येने आली ती मुख्यतः १९९०च्या दशकानंतर. नेपाळात १९९६ ते २००६ असे दहा वर्षे यादवी युद्ध चालले; शिक्षण, रोजगार आणि सुरक्षितता यांच्या शोधात अनेक जण बाहेर पडले. हिमालयाच्या वाटाड्यांचे कूळ असलेल्या शेर्पा समाजातील पुष्कळ कुटुंबेही क्वीन्समध्ये स्थायिक आहेत. आज या भागात दर दोन-चार दुकानांआड वाफेच्या भांड्यांचा धूर आणि मोमोची पाटी दिसते.

दोन विसर्गांचा शब्द

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातल्या एका शनिवारी आम्ही दोघे बारा वर्षांच्या नातवाबरोबर त्या चौकात गेलो होतो. नातवाला मोमो हवे होते. ‘बाहेरचे खाणे नको, घरी मऊ भात केला आहे,’ असे मी म्हणाले. तेवढ्यात मागून मोठ्याने वाचण्याचा आवाज आला.

‘थुक्पा. ढिंडो. गुन्द्रुक. ज्वानोको झोल.’

हे एका खानावळीच्या काचेसमोर उभे होते. आत हाताने लिहिलेला कागद चिकटवलेला होता, आणि तो होता देवनागरीत! नेपाळी भाषेची लिपी आपलीच, हे मला पुस्तकी ज्ञान म्हणून ठाऊक होते. परंतु तीन आठवडे इंग्रजी पाट्यांच्या रानात हिंडलेल्या माणसाला आपली अक्षरे भेटली, की काय होते, ते मी त्या दिवशी पाहिले. ह्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवले. ‘अगं, हे बघ. ‘म:म:’. मोमो असा लिहितात हे! एका शब्दात दोन विसर्ग! आपल्याकडे विसर्ग उरला तो दुःखात. ह्यांनी तो खाण्यात ठेवला आहे.’

इतके लांब वाक्य त्यांनी कित्येक दिवसांत उच्चारले नव्हते. त्यानंतर ‘नको’ म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही.

आत सात-आठ मेजे होती. भिंतीवर माछापुच्छ्रे शिखराचे चित्र, कोपऱ्यात दूरचित्रवाणीवर नेपाळी गाणी, आणि मागे स्वयंपाकघरातून येणारा मोहरीच्या तेलाचा आणि वाफेचा वास. दर्शनी काचेवर नगरपालिकेच्या आरोग्य विभागाचे ‘ए’ अक्षराचे पत्रक लावलेले होते. न्यूयॉर्कमध्ये प्रत्येक उपाहारगृहाची स्वच्छतेसाठी तपासणी होते आणि मिळालेली श्रेणी ग्राहकाला दिसेल अशी लावावी लागते. नाजूक पोटाच्या प्रवाशाने दारातच ती पाहून घ्यावी.

काउंटरमागून चाळिशीतली एक बाई आली. ह्यांना ‘बा’ आणि मला ‘आमा’ म्हणून तिने भिंतीकडेची, आवाजापासून दूरची जागा दिली. बर्फाचे पाणी आणले होते, ते ह्यांचे वय पाहून न सांगताच परत नेले आणि कोमट पाणी आणले. तिची हिंदी आणि माझी हिंदी सारखीच तोडकी असल्यामुळे आमचे उत्तम जमले. मी तिला आमचे पथ्य सांगितले. ती प्रामाणिकपणे म्हणाली, ‘डाळ आणि भाजी शिजून तयार आहे, आमा, त्यातले मीठ मला काढता येणार नाही. पण अचार वेगळा देते, पापड देत नाही, आणि झोल आत्ता ताजा करते, त्यात मीठ अगदी थोडे घालते.’ आम्ही दोघांत एक थाळी, एक ज्वानोको झोल आणि नातवासाठी मोमो मागविले.

ताटातली ओळख

नेपाळी थाळी पाहिली आणि वाटले, की हे ताट आपल्या ताटाचे दूरचे नातलग आहे. मध्ये भात. बाजूला काळ्या उडदाची डाळ, तिला ‘जिम्बू’ची फोडणी. ही मुस्ताङसारख्या उंच प्रदेशात होणारी, कांदा-लसणाच्या कुळातली वाळवलेली पात. मोहरीच्या कोवळ्या पाल्याची भाजी. बटाटा. आणि एका वाटीत गुन्द्रुकाचा आंबटसर रस्सा. मोहरी, मुळा, फुलकोबी यांचा पाला कोमेजवून, भांड्यात घट्ट दाबून आंबवायचा आणि नंतर उन्हात वाळवायचा, म्हणजे गुन्द्रुक तयार होते. ते आंबवताना साधारणतः मीठ घालीत नाहीत. रस्सा करताना जेवढे घालू तेवढेच. हिवाळ्यात डोंगरावर हिरवा पाला मिळत नाही, त्या दिवसांची ही बेगमी. आपल्याकडे हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवतात, तोच विचार.

ज्वानो म्हणजे ओवा. तुपात ओवा तडतडवून, हळद घालून, पाणी उकळायचे. हा झोल नेपाळात बाळंतिणीला देतात. ओवा आणि बाळंतीण ही जोडी आपल्याला काही नवी नाही. मी पहिला घोट घेतला आणि पंचेचाळीस वर्षांपूर्वीची माझ्या सासूबाईंची शेगडी आठवली.

ह्यांनी नेहमीप्रमाणे भाताचे चार घास घेतले. आता ‘झाले’ म्हणणार, असे मला वाटले. तोच त्यांनी बोटाच्या टोकाने वेगळ्या वाटीतला टोमॅटोचा अचार चाखला आणि ते थबकले. डोळे मिटले. ठसका लागला की काय, या भीतीने मी पाण्याचा पेला पुढे केला.

‘तिरफळ,’ ते म्हणाले. ‘अगं, ह्यात तिरफळ आहे!’

काउंटरवरच्या बाईने एका डबीतून काळपट टरफलांचे दाणे आणून दाखविले. नेपाळात त्याला ‘टिमुर’ म्हणतात. आपल्या कोकण-गोव्याच्या तिरफळाचा हा सख्खा भाऊच म्हणावा; दोन्ही एकाच वनस्पतिकुलातील, एकाच प्रजातिगटातील. ह्यांनी एक दाणा बोटांत चुरडून नाकाशी नेला आणि मग जे कधीच सांगितले नव्हते ते सांगू लागले. त्यांची आई पावसाळ्याच्या अखेरीस तिरफळे वाळवी, आतली काळी बी टाकून देई आणि टरफले ठेचून बांगड्याच्या तिखल्यात घाली. जिभेला मुंग्या आल्या, की मुले हसत. नातू मोमो हातात धरून ऐकत राहिला. आपले आजोबा कधी काळी त्याच्याएवढे होते, ही बातमी त्याला बहुधा त्या दिवशी प्रथम कळली.

या मुंग्यांविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. वय वाढले, की जिभेची आणि नाकाची ग्रहणशक्ती मंदावते. मिठाची आणि गोडाची जाणीव बोथट होते. म्हणूनच पुष्कळ वृद्ध माणसे ‘आमटी अळणी झाली’ अशी तक्रार करतात आणि वरून मीठ घेतात. टिमुर किंवा तिरफळ यांचा झणका मात्र ही निव्वळ चव नव्हे. त्यांतील द्रव्य जिभेवरील स्पर्शाच्या मज्जातंतूंना चेतवते. आंबट, सुगंधी आणि किंचित झोंबरे पदार्थ बेताने वापरले, तर कमी मिठातही जेवणाला जाग येते, ती याच कारणांनी. हे मला ठाऊक असते, तर सहा महिने मी त्यांच्या ताटातून नुसते काढीतच बसले नसते. काढलेल्याच्या जागी काही ठेवले असते.

मीठ की मिठो?

बाई मेजाशी आली आणि ह्यांच्याकडे पाहून हसत म्हणाली, ‘बा, मिठो छ?’

मी घाईघाईने उठलेच. ‘मीठ नको! मीठ अजिबात नको!’

ती गोंधळली, मग खळखळून हसली. नेपाळीत ‘मिठो’ म्हणजे चविष्ट. मिठाला ते ‘नुन’ म्हणतात, आणि गोडाला ‘गुलियो’. मुद्रितशोधक लगेच जागे झाले. ‘मिष्टान्नातले मिष्ट आणि आपले मीठ एकाच मुळातले,’ ते मला म्हणाले. ‘चव आहे का, एवढेच ती विचारते आहे.’ आणि मग तिला म्हणाले, ‘मिठो छ.’

मला तो प्रश्न लागला. सहा महिन्यांत मी ह्यांना रोज विचारीत आले होते: गोळी घेतली का, पाणी प्याला का, पोट साफ झाले का. जेवण आवडले का, हे एकदाही विचारले नव्हते.

ती पुन्हा आली ती भाताची परात घेऊन. नेपाळी थाळीत भात, डाळ, भाजी पुन्हा वाढण्याची रीत आहे. ‘थप्नुस्’ म्हणजे आणखी घ्या. ह्यांनी बोटांनी ‘थोडासा’ अशी खूण केली. फेब्रुवारीनंतर प्रथमच त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला. माझा हात सवयीने अडवायला पुढे झाला होता. तो मी मांडीवर ठेवला.

गर्दी ओसरल्यावर ती आमच्याजवळ बसली. तिचे वडील सिन्धुपाल्चोक जिल्ह्यातील एका खेड्यात राहतात. २०१५च्या एप्रिलमधील भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे दगावली आणि सर्वाधिक बळी त्याच जिल्ह्यात गेले. त्यांचे घर पडले. नंतर तिने पाठविलेल्या पैशांतून नवे उभे राहिले. आई नाही. रात्री खानावळ बंद केल्यावर ती वडिलांना फोन करते. तेथील घड्याळ त्या दिवसांत पावणेदहा तास पुढे असते, म्हणजे तेथे सकाळ झालेली असते. ‘भात खानुभयो?’ एवढेच ती विचारते. आपल्याकडे ‘जेवलात का?’ म्हणतात, तसेच ते क्षेमकुशल. ‘ते हो म्हणतात,’ ती म्हणाली, ‘पण किती खाल्ले ते फोनवर दिसत नाही. म्हणून येथे कुणी म्हातारे माणूस आले, की माझे लक्ष त्यांच्या ताटाकडे जाते.’

ज्यांची मुले दूर देशी आहेत त्या वाचकांना आणि ज्यांचे आईवडील दूर आहेत त्या वाचकांना या वाक्याचा अर्थ मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवसाची वही

येथे थांबले असते, तर ही गोष्ट फार गोड झाली असती. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी मी रक्तदाब मोजला, तो १४८ निघाला. एरवी तो १३० ते १३४ असे. उपाशीपोटीची साखरही थोडी वाढलेली होती. मी घाबरले आणि पुन्हा अळणी भाताकडे वळणार, तेवढ्यात लेकीने आमच्या गावच्या डॉक्टरांशी फोनवर, चित्र दिसेल अशा रीतीने, बोलणे करून दिले.

त्यांनी रक्तदाबाच्या आधी वजन विचारले. वहीचे उजवे पान मी वाचून दाखविले. क्षणभर ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मी मीठ कमी करा म्हटले होते. जेवण कमी करा म्हटले नव्हते.’

त्यांनी जे समजावले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभराच्या काळात मूळ वजनाच्या पाच टक्क्यांहून अधिक वजन उतरले, तर ते ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे. ह्यांचे वजन साडेनऊ टक्के उतरले होते. अशा घटीमागे थायरॉइड, एखादा दडलेला आजार किंवा उदासीनता असू शकते. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी भूक मंदावते, तोंडाची चव जाते. वजन उतरले, की हिरड्या आक्रसतात, कवळी सैल होते, चावताना दुखते, आणि माणूस आणखी कमी खातो. बद्धकोष्ठ आणि एकटेपणा ही दोन कारणे तर घरोघरी असतात. एका जेवणाने चढलेला रक्तदाब खाली येतो. घटलेले स्नायू मात्र सहजी परत येत नाहीत. मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी असावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पाळायचीच. पण दिवसभराचा हिशेब मांडून. एका वेळी बाहेर जेवायचे, तर त्या दिवशीची इतर जेवणे हलकी आणि कमी मिठाची ठेवावीत.

लेकीने काही रक्ततपासण्या तेथेच करून घेतल्या. सुदैवाने गंभीर असे काही निघाले नाही. अहवाल पाहून डॉक्टरांनी साखरेच्या एका गोळीची मात्रा बदलली. गोळ्यांत आपल्या मनाने फेरफार करू नये, हे मी येथे आवर्जून लिहिते. कवळी मात्र गावी परतल्यावरच नीट बसवून घेतली.

आठवड्यातून एकदा

त्यानंतर डिसेंबरपर्यंत आम्ही दर आठवड्याला एकदा त्या खानावळीत गेलो. अनुभवाने आमची एक रीत ठरली. वृद्ध माणसांना घेऊन बाहेर जेवायला जाणाऱ्यांना ती उपयोगी पडेल.

संध्याकाळी साडेपाचला जायचे. गर्दी नसते, आवाज कमी असतो, श्रवणयंत्र लावणाऱ्याला बोलणे ऐकू येते आणि रात्री निजण्यापूर्वी अन्न जिरायला वेळ मिळतो. बसण्यापूर्वी स्वच्छतागृह कोठे आहे ते विचारायचे, कारण न्यूयॉर्कच्या जुन्या इमारतींत ते पुष्कळदा तळघरात, अरुंद जिन्याखाली असते. एक थाळी दोघांत घ्यायची. उरलेले बांधून न्यायचे. गुन्द्रुकाच्या रश्श्यातला पाला आणि सोयाबीन खायचे, रस्सा थोडा ठेवायचा, कारण मीठ त्यातच अधिक. मोमो दोनच, तेही फोडून, आतली वाफ गेल्यावर. आत कोंडलेला कढत रस जीभ भाजतो, हे नातवाने एकदा स्वतः अनुभवून दाखविले. मैद्याची पारी असल्यामुळे मधुमेह्यांनी त्यावर पोट भरू नये.

एकदा ढिंडोही मागवून पाहिला. उकळत्या पाण्यात पीठ घोटून केलेला हा घट्ट गोळा नेपाळच्या डोंगराळ भागातले रोजचे अन्न आहे. ‘कोदोको ढिंडो’ म्हटल्यावर मला आपली कोद्रा वाटली. प्रत्यक्षात नेपाळीत कोदो म्हणजे नाचणी! तो रश्श्यात बुडवून न चावताच गिळतात. ह्यांना तो मानवला. परंतु ज्यांना गिळताना ठसका लागतो किंवा अन्न अडकते, त्यांनी असे चिकट पदार्थ वैद्यकीय सल्ल्यावाचून खाऊ नयेत.

काउंटरवर एक नेपाळी साप्ताहिक ठेवलेले असे. ह्यांनी ते मागून घेतले आणि खिशातली पेन्सिल बाहेर काढली. निम्मे समजे, निम्मे अंदाजाने लावीत. तारखा पाहून ते चकित झाले. नेपाळात विक्रम संवत चालतो आणि तो इसवी सनाच्या सुमारे सत्तावन्न वर्षे पुढे असतो. ‘येथे मी वारलो असेन,’ असा त्यांनी विनोद केला. मी रागावले, आणि मग लक्षात आले, की ह्यांचा विनोद ऐकून किती महिने झाले.

घटस्थापनेला त्या बाईने आम्हांला स्वयंपाकघरामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन मातीच्या भांड्यात पेरलेले जव दाखविले. नेपाळातही त्या दिवसाला घटस्थापनाच म्हणतात. आपण घटाभोवती धान्य पेरतो, तसेच ते. अंधारात वाढल्यामुळे पिवळे पडलेले ते कोंब म्हणजे ‘जमरा’. दशमीला घरातील वडील माणसे धाकट्यांच्या कपाळी दही, तांदूळ आणि शेंदरी रंग कालवून केलेला टिळा लावतात, डोक्यावर जमरा ठेवतात आणि आशीर्वाद देतात. त्या दिवशी ती ह्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. ‘माझे वडील येथे नाहीत, बा. तुम्ही लावता का?’

ह्यांचा हात थोडा कापतो. तांदळाचे दोन दाणे खाली पडले. त्यांनी टिळा लावला, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आपल्याला येत होता तो आशीर्वाद मराठीत दिला. आठ महिने ह्या माणसाला सर्वांनी काही ना काही दिले होते: औषध, पथ्य, सूचना, आधार. त्यांच्याकडे काही मागणारी ती पहिली व्यक्ती होती. घरी परतताना ते माझ्या दोन पावले पुढे चालत होते.

उजवे पान

डिसेंबरमध्ये परत निघण्यापूर्वी वजन केले: ५९ किलो. ६३ नव्हे. ते परत कधी येईल, याची मी आता वाट पाहत नाही. उतरणे थांबले, एवढे पुरे आहे. रक्तदाब पूर्वीच्या पातळीवर आहे. घरी आता आमटीत मीठ बेताचेच असते, पण कोकम असते, कोथिंबीर असते, आठवड्यातून एकदा तिरफळ घातलेला बांगडा असतो. भाजलेले तीळ, टोमॅटो आणि चिमूटभर ठेचलेले तिरफळ यांची चटणी मी करते. तिला त्या खानावळीची सर येत नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. ह्यांना ताटावर एकटे बसवून मी नंतर जेवणे, ही चाळीस वर्षांची सवयही आम्ही सोडली आहे. समोर कुणी जेवत असले, की दोन घास जास्त जातात.

वही अजून चालू आहे. डाव्या पानावर रक्तदाब आणि साखर, उजव्या पानावर वजन. त्याच्याखाली मी आता आणखी एक ओळ लिहिते: आज काय आवडीने खाल्ले. परवा तेथे ‘काही नाही’ असे लिहावे लागले. काल ‘ओव्याचा झोल, दोन वाट्या’ असे लिहिले. ह्यांनी ती ओळ वाचली, पेन्सिल मागून घेतली आणि माझा ‘वाट्या’मधला अर्धा ‘ट’ नीट करून दिला.